थंड लोखंड

म्हाताऱ्याने एल्सपेटच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि त्याचं हसू तोंडातच विरलं. मिनिटापूर्वी तो चांगला लाडात येऊन बोलत होता. "काय गं पोरी, नातीसाठी काहीतरी दाखव बघू, पण ते मेंढरू नको हं, सगळं जग मेंढरूच घेऊन जातंय इथून!" आणि एल्सपेट हसत हसत फळीवरून लोकरीचा खेळण्यातला सील काढत होती. मग त्याने नीट बघायला म्हणून चष्मा लावला. ओठ हलवत त्याने तिचं नाव वाचलं, एल्सपेट, आणि आडनावाशी आल्यावर ते ओठ घट्ट मिटले. मग त्याचा हात शोधू लागला. हो, शोधूच लागला, आंधळ्याचा हात शोधतो तसा. गल्ल्याचं लाकूड चाचपलं, प्लास्टिकची टोपली चाचपली, मफलरींच्या ढिगावरून सरकला आणि शेवटी पोस्टकार्डांच्या घोडीचा लोखंडी पाय सापडल्यावर त्याने तो असा आवळला, की सगळी पोस्टकार्डं थरथरली, सगळे किल्ले, सगळी तळी, सगळ्या तांबड्या गाई. "थंड लोखंड," तो म्हणाला. तिला उद्देशून नाही, कुणालाच नाही. आणि तिच्याकडे पाठ न करता, एकेक पाऊल मागे टाकत, तो दुकानातून बाहेर गेला. दारावरची घंटी वाजली. सील एल्सपेटच्या हातातच राहिला.

"काय केलंस गं त्याला?" मालकीणबाई, मिसेस पिरी, आतून ओरडल्या. "काही नाही! नाव वाचलं त्याने माझं." "मग अक्षर वाईट असणार. पट्टी तूच लिहिलीस ना?" आणि त्या आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसल्या. एल्सपेटही हसली. ती हसणारी मुलगी होती, सतरा वर्षांची, शाळेच्या वादविवादात गेल्या महिन्यात ढाल जिंकलेली, आणि आता आपल्याला जगात कुणाचीच भीती वाटत नाही असं तिने त्याच आठवड्यात मैत्रिणीला तीनदा सांगितलं होतं. पण सील फळीवर परत ठेवताना तिच्या लक्षात आलं, की आपली बोटं गार पडलीत.

गंमत म्हणजे आडनावं हाच त्या दुकानाचा धंदा होता. बाहेर पाटीच होती: तुमच्या आडनावाचा उगम, दहा मिनिटांत. परदेशातून आलेली माणसं आपलं नाव सांगायची, एल्सपेट ते यंत्रात टाकायची, आणि पिवळट जाड कागदावर वळणदार अक्षरांत छापून यायचं, की तुमचे पूर्वज अमुक खोऱ्यातले, तमुक राजाच्या बाजूने लढले, शूर होते, स्वाभिमानी होते. बाया डोळे पुसायच्या. दोन वर्षं दर शनिवारी तिने पूर्वज छापले होते, आणि त्यात एकही पूर्वज भित्रा निघाला नव्हता. मग भित्रे गेले कुठे सगळे? त्यांना पोरंबाळं झालीच नाहीत की काय? हे तिला एकदा सुचलं होतं आणि ती खूप हसली होती. आणि तिचं स्वतःचं आडनाव, स्केलन? ते तिने पहिल्याच दिवशी टाकून पाहिलं होतं. यंत्राने थोडा वेळ घेतला आणि सापडलं नाही की जे छापतं तेच छापलं: डोंगरातल्या धुक्यातून आलेलं एक प्राचीन, शूर घराणं. धुकं छापून आलं की समजायचं, ठाऊक नाही, असं मिसेस पिरींनी तेव्हाच समजावलं होतं.

संध्याकाळी जेवताना तिने घरी ती हकिगत अगदी नकलेसकट सांगितली. म्हाताऱ्यासारखा हात चाचपडला, काटा उचलून "थंड लोखंड!" म्हणाली. अँड्रा, म्हणजे अँड्र्यू, तिचा भाऊ, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, हसला नाही. तो मान खाली घालून बटाटे कुस्करत राहिला. बाबा उठून चहाचं आधण ठेवायला गेला. आधण तर आधीच ठेवलेलं होतं. बाबाला सगळे डॉड म्हणत. तो बेकरीत कामाला होता, रोव्या भाजायचा, म्हणजे खारट, लोण्याने जड झालेले चपटे पाव, आणि त्याच्या अंगाला घरीदारी त्याच वासाची पुटं असत. "रोवी मुळात दर्यावरच्या माणसांसाठी," तो नेहमी सांगायचा, "आठवडाभर टिकते." पण दर्याबद्दल तो बोलायचा ते एवढंच. तो पोर्टक्रेगचा, किनाऱ्यावरच्या त्या कोळ्यांच्या गावचा, आणि एकविसाव्या वर्षी शहरात आला तो परत गेला नाही, हे पोरांना ठाऊक होतं. गावात निम्मी माणसं काऊई आडनावाची, मुलांना आजोबांची नावं ठेवायची रीत, म्हणून एका नावाची पाच-पाच माणसं, म्हणून मग प्रत्येक घराला एक टोपणनाव, हेही ठाऊक होतं. त्यांच्या घराला लोखंडवाले म्हणत. "का रे बाबा?" लहानपणी तिने विचारलं होतं. "पणजोबा लोहार होते." मग ती शाळेत सांगायची, आम्ही लोहारांचे! आगीचे, ठिणग्यांचे! एकदा तर तिने भात्याचं चित्रही काढलं होतं. ते अजून फ्रिजवर होतं. आता काटा हातात धरून ती त्या चित्राकडे बघत राहिली, आणि काट्याचा गारवा तिच्या तळहातातून मनगटात चढला. लोहाराच्या घरात लोखंड गरम असतं की!

"बाबा, पणजोबा लोहार नव्हते ना?" बाबाने चहा ओतला, सांडला, पुसला. "त्या लोकांच्या खुळचट गोष्टी असतात गं एपी. होडीवर डुकराचं नाव घ्यायचं नाही, धर्मगुरूचं घ्यायचं नाही, रावस माशाचं घ्यायचं नाही. घेतलं कुणी, तर लोखंडाला हात लावायचा." "आणि?" "आणि काही आडनावांचं." एवढं बोलून तो झोपायला गेला. सात वाजले होते.

त्या रात्रीपासून भीती तिच्याबरोबर राहायला आली. ती मोठी, दार धडधडवणारी भीती नव्हती. तिच्याशी दोन हात करता आले असते, एल्सपेट वादविवादात कुणालाही ऐकत नसे. ही भीती बारीक होती, मोज्यात गेलेल्या वाळूसारखी. शाळेत हजेरी घेताना सर तिच्या आडनावाशी आले, की ती सरांच्या हाताकडे बघायची. बसमध्ये लोक दांड्याला धरून उभे असायचे, सगळ्यांचे हात लोखंडावर, आणि तिला वाटायचं, यांना कुणी सांगितलं? स्वतःचं नाव मनात म्हणून पाहिलं, तर ते आधीसारखं तिचं वाटेना. दुसऱ्या कुणीतरी घातलेल्या, अजून ऊब असलेल्या कोटासारखं वाटायला लागलं. मग तिने ठरवलं की शोधून काढायचं. कारण सापडलं की भीती संपते, हे तर तिनेच भाषणात ठासून सांगितलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. आठवडाभर शाळा सुटली की ती थेट ग्रंथालयात जाऊन बसायची. पोर्टक्रेगच्या जुन्या नोंदी तिथे काचेच्या पडद्यावर बघता यायच्या, शाईचे डाग आणि किड्यांची भोकंसुद्धा. लग्नाच्या नोंदी होत्या, बारशाच्या होत्या, त्यांत स्केलन होते. अँड्र्यू स्केलन, त्याचा मुलगा डॉड, त्याचा मुलगा अँड्र्यू, अशी ती सुखाने मागे मागे गेली, जिना उतरल्यासारखी. मग होड्यांच्या नोंदी आल्या, कुठल्या होडीवर कोण कोण गेलं त्या. लिहिणारा गावचाच कारकून. विल्यम काऊई, जेम्स काऊई, दुसरा जेम्स काऊई, आणि मग: अँड्र्यू, आणि पुढे आडवी रेघ. एल्सपेटला वाटलं, शाई पुसली असेल. पुढच्या वर्षी: डॉड, आणि रेघ. वीस वर्षांत चौदा रेघा. लेखणीने सुद्धा त्यांना ते नाव घेववेना! तिने काचेवर बोट ठेवलं. तिचा पणजोबा रेघ होता. त्याचा बाप रेघ होता. आणि त्या सगळ्या आडव्या रेघा एकाखाली एक बघताना तिला एकदम पाण्याची पातळी दिसली, चढत चाललेली, आणि ती इतक्या जोरात उठली, की खुर्ची पडली आणि ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या, "बाळ, बरं वाटत नाहीये का?"

आणि कारण? कारण नव्हतंच. ती पार तळापर्यंत गेली. पहिला स्केलन डोंगरातून आला होता, मालकाने जमिनीवरून हाकललेला, बायको आणि दोन पोरं घेऊन. त्याने काही चोरलं नव्हतं, कुणाला बुडवलं नव्हतं, कुणाचा दोर कापला नव्हता. ती तर आशेनेच शोधत होती, एखादा खून तरी निघू दे! खुनी पूर्वज परवडला असता. पण नोंदीत काहीच नव्हतं. तो आला, आणि तीन वर्षांनी एका होडीसमोर पहिली रेघ. मधल्या तीन वर्षांत कधीतरी, कुठल्यातरी दिवशी, काहीतरी इतकं लहान घडलं होतं, की ते लिहून ठेवावं असं कुणालाच वाटलं नाही.

रविवारी ती हे सगळं अँड्राला सांगायला त्याच्या खोलीत गेली, तर तो पलंगावर बसून रबरी बूट पिशवीत कोंबत होता. "कुठे निघालास?" "कुठे निघालास विचारू नये दर्यावरच्या माणसाला." "अँड्रा!" मग त्याने सांगितलं. पोर्टक्रेगची होडी, 'पेशन्स'. काम मिळालं होतं, उद्या दुपारच्या भरतीला निघायचं, दहा दिवस. दीड वर्ष तो घरी बसून होता, नुसता. गोदामात लागला तर दम्याने हैराण, दुकानात लागला तर तोंडाने हैराण. आता पहिल्यांदाच त्याचे डोळे चमकत होते. "पण ते घेतील तुला? आपलं नाव..." "मी त्यांना आईचं सांगितलंय. मिल्न." एल्सपेट बघतच राहिली. आईने दुसरं लग्न करून गाव बदलल्याला नऊ वर्षं झाली होती. तिचं नाव अँड्राने अडगळीतून छत्री काढावी तसं काढलं होतं. "म्हणजे तुला ठाऊक होतं?" "मला दहा वर्षांचा असल्यापासून ठाऊक आहे, शहाणे. बाबाबरोबर मासळीबाजारात गेलो होतो एकदा. तिथे एका माणसाने बाबाशी हात मिळवला, आणि नाव ऐकल्यावर तोच हात जाऊन तराजूला पुसला. तुझ्यासारखी ढाल नाही मिळाली मला, पण डोळे आहेत." "आणि दमा? तो सांगितलास?" "तू काय माझी आई आहेस?" मग जरा मवाळ होऊन, "एपे, ऐक. पंप नेतो की बरोबर. कुणाला दिसणार नाही असा ओढेन. तू फक्त एक कर. कुणाजवळ बोलू नकोस, आणि धक्क्यावर निरोपबिरोप द्यायला येऊ नकोस. तुझ्या तोंडाला कुलूप नाही." "आहे." "कधीपासून?" "आत्तापासून," ती म्हणाली आणि ओठांवर किल्ली फिरवली. तो हसला. हसताना त्याच्या छातीत बारीक शिट्टी वाजली, लांबून येणाऱ्या किटलीसारखी.

सोमवारी शाळेला सुट्टी होती. ती उशिरा उठली, न्हाणीघरात गेली, आणि आरशाखालच्या काचेच्या फळीवर, दाढीच्या साबणाशेजारी, निळा पंप उभा होता. तो इतका शांत उभा होता, की आधी तिला काहीच वाटलं नाही. मग सगळं एकदम वाटलं. तिने अँड्राला फोन लावला, बंद होता. बाबाला लावावा म्हटलं, तर भट्टीच्या आवाजात त्याला फोन कधीच ऐकू येत नाही. दहा दिवस! जमीन नाही, डॉक्टर नाही, गार वारा, डिझेलचा धूर. आठवीत असताना पहाटे तिने त्याला स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलेला पाहिला होता, ओठ निळे, डोळे तिच्यावर लावलेले, आणि तोंड उघडं असून आवाज नाही. तेव्हा ती नुसती उभी राहिली होती. हाक बाबाने मारली होती, रुग्णवाहिका बाबाने बोलावली होती. ती उभी राहिली होती. हे तिने भाषणात कधी सांगितलं नव्हतं.

बसला सव्वा तास लागतो. पंप मुठीत धरून ती खिडकीशी बसली आणि तिने बेत केला. धक्क्यावर जायचं, अँड्राला हळूच बाजूला बोलवायचं, पंप द्यायचा, निघून यायचं. नाव घ्यायचं नाही. कुणी विचारलं तर? मिल्न. मी एल्सपेट मिल्न. बाहेर जवाची शेतं पळत होती, मधूनच राखाडी समुद्राची पट्टी वर येत होती आणि बुडत होती, आणि ती मनात घोकत होती, मिल्न, मिल्न, स्केलन म्हणायचं नाही, स्केलन म्हणायचं नाही. मग तिला कळलं, की म्हणायचं नाही असं घोकताना आपण तेच म्हणतोय, प्रत्येक वेळी. तिने थांबवायचा प्रयत्न केला. ते थांबेना. बसची चाकं तेच म्हणत होती, काच तेच म्हणत होती. तिने समोरच्या आसनाची दांडी धरली, आणि धरल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय धरलंय. हात सोडवेना.

पोर्टक्रेगला उतरून ती उतारावरून पळत सुटली. घरांचे दरवाजे, वाळत घातलेले बनियन, एका ओट्यावर बसलेली मांजर, मग माशांचा आणि तेलाचा वास, मग धक्का. 'पेशन्स' सुटली होती. नुकतीच, आत्ता. दोर आत ओढले जात होते आणि होडी आणि दगडी धक्का यांच्या मधलं पाणी काळं, रुंद होत होतं, दोन हात, तीन हात. अँड्रा पलीकडच्या बाजूला, पाठमोरा, दोर गुंडाळत होता. इंजिनचा धडधडाट, वर कुरव पक्ष्यांचा कलकलाट. "अँड्रा!" ती ओरडली. तीन माणसांनी वर पाहिलं. तिचा भाऊ सोडून तिघांनी! आणि ते खळखळून हसायला लागले. "कुठला अँड्रा पाहिजे गं? इथे पायलीला पन्नास!" "मला घे की, मी बिनलग्नाचा आहे!" "अरे गप, तुला बघून पोरगी पाण्यात उडी टाकेल!" तिने पंप वर धरला, हलवला. चार हात. "माझा भाऊ!" "आँ?" एका दाढीवाल्या म्हाताऱ्या खलाशाने कानामागे हात धरला. तो प्रेमळ चेहऱ्याचा होता, हे तिला नंतर कायम आठवत राहिलं. आणि त्या किनाऱ्यावर अनोळखी पोराला सगळे जे विचारतात, खाऊ देण्याआधी, रागावण्याआधी, रस्ता दाखवण्याआधी, तेच त्याने विचारलं. "तू कुणाची गं?"

ती काही ठरवायला थांबली नाही. ठरवायला वेळच नव्हता. तोंड उघडलं आणि सकाळपासून दाताआड कोंडलेलं ते एकच नाव बाहेर आलं, सगळं, स्पष्ट, सभागृहाच्या मागच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात.

हसणं थांबलं. इंजिन चालूच होतं, पक्षी ओरडतच होते. मग हात हलले. म्हाताऱ्याचा हात कानामागून खाली आला आणि कठड्यावर टेकला. लग्नाची गंमत करणाऱ्याने जाळी ओढायच्या चाकाला हात लावला. एकाने कमरेच्या सुरीला. कुणी घाई केली नाही, कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. फक्त एकामागून एक लोखंडावर तळवे पडत गेले, थप, थप, थप, आणि पलीकडे अँड्रा वळला. त्याने आधी तिला पाहिलं, मग तिच्या हातातला पंप, मग त्या सगळ्यांचे हात. सुकाणूच्या खोलीतून तांडेल बाहेर आला, लाल कानांचा, जाडजूड माणूस. त्याने अँड्राला काहीतरी विचारलं. अँड्राने मान हलवली. होकारार्थी. तांडेल आत गेला आणि होडी मागे यायला लागली.

कुणी त्याला वाईट बोललं असतं तर बरं झालं असतं. एकाने त्याची पिशवी शिडीपर्यंत आणून दिली. म्हाताऱ्याने अँड्राचे चालायचे बूट दिले, लेसेस एकमेकींत बांधून, म्हणजे पडायला नकोत. "सांभाळून चढ हं पोरा, शिडी ओली आहे," तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचा दुसरा हात कठड्यावरून हलला नाही. मग होडी परत सुटली. अँड्रा तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. त्याची छाती वाजत होती. तिने पंप पुढे केला, त्याने घेतला, ओढला, श्वास धरला, सोडला.

"कुलूप म्हणे," तो म्हणाला. एवढंच.

तिला बोलायचं होतं. ढाल जिंकणारं सगळं बोलणं घशाशी आलं होतं: तू मेला असतास, मी काय करणार होते, हा मूर्खपणा आहे, हे लोक मूर्ख आहेत. पण 'पेशन्स' आता बंधाऱ्याच्या तोंडाशी पोचली होती, आणि तिकडे पाहता पाहता तिला एक गोष्ट लख्ख दिसली. होडी दहा दिवसांनी मासळीने भरून आली, तर ते म्हणतील, बरं झालं त्याला उतरवलं. आणि नाही आली, तर म्हणतील, त्या पोरीने धक्क्यावरून हाक मारली होती. काही झालं तरी नाव तेच. त्या न लिहिलेल्या तीन वर्षांत असंच झालं असणार. डोंगरातून आलेली एक बाई अशीच पळत आली असेल, नवऱ्याचं काहीतरी घरी राहिलं म्हणून, टोपी नाही तर भाकरी. तिला त्या किनाऱ्याच्या रीती ठाऊक नसतील. तिने जिवाच्या आकांताने नवऱ्याला हाक मारली असेल, पूर्ण नावाने, आणि त्या खेपेला जाळी रिकामी आली असतील.

बाहेरच्या पहिल्या लाटेवर होडीचं नाक वर उचललं गेलं आणि खाली गेलं. वर आलं. परत गेलं. सहा माणसं होती तिच्यावर, त्यांतले तिघे अँड्रा. "चल," तिचा अँड्रा म्हणाला, "बस चुकेल." तिला ऐकू आलं, पण ती जागची हलली नाही. समोर दोर बांधायचा लोखंडी खुंट होता, गंजलेला, खाऱ्या पाण्याने ओला, आणि ती वाकून दोन्ही तळव्यांनी तो घट्ट धरून होती. कधी धरला, तिला आठवत नव्हतं. होडी दिसेनाशी होईपर्यंत तिने तो सोडला नाही, आणि दिसेनाशी झाल्यावरही नाही.